वाफ कुठून जाते

माझी मोठी मावशी घरातून कुकरच्या रिंगा विकते. झाकणात बसते ना, ती रबराची रिंग. शिवाय शिट्ट्या, सेफ्टी व्हॉल्व्ह, दांड्यांचे स्क्रू, मिक्सरच्या भांड्याखालचे दातेरी कपलर आणि गॅसच्या शेगडीची बटणं. तिच्या दुकानाला पाटी नाही, गल्ला नाही, शटर नाही. बाहेरच्या खोलीत भिंतीला लावलेले छत्तीस खण, एक टेबल, एक फोन आणि मी बनवलेली एक वेबसाइट, एवढंच दुकान. वेबसाइट मी मुद्दाम शेवटी सांगितली. पहिली सांगितली असती तर मावशीने नाक मुरडलं असतं.

मावशीने बावीस वर्षं एका सर्व्हिस सेंटरच्या स्टोअरमध्ये नोकरी केली. स्टोअर मागच्या बाजूला होतं आणि त्याला चेहऱ्याच्या उंचीवर एक जाळीची खिडकी होती. पुढे काउंटरवर लोक आपले कुकर-मिक्सर घेऊन यायचे, मधल्या खोलीत मेकॅनिक ते उघडायचे आणि मग चिठ्ठी घेऊन मावशीच्या खिडकीशी यायचे. चिठ्ठीची खरं तर गरज नसायची. मेकॅनिक नुसता म्हणायचा, 'बाई, तो आतल्या झाकणाचा, जुना, पाच लिटरवाला,' आणि मावशी मागे न बघता खणात हात घालून नेमकी वस्तू काढायची. रिंगेच्या कडेवरून अंगठा फिरवला की तिला माप कळतं. हे मी अतिशयोक्ती म्हणून सांगत नाही. मी स्वतः तिच्या डोळ्यांवर ओढणी बांधून तपासलं आहे. बारापैकी बारा बरोबर आल्या. वर तिने एका रिंगेबद्दल 'ही खरेदीतच खराब आलेली आहे, बाजूला ठेव' असंही सांगितलं.

मात्र त्या बावीस वर्षांत तिने एकाही गिऱ्हाइकाचं तोंड पाहिलं नाही. कोणाचा कुकर, कोणाचा मिक्सर, पुढे तो चालला की नाही, काही कळायचं नाही. वस्तू खिडकीतून गेली की संपलं.

मग सेंटर बंद झालं. साहेबांनी सगळ्यांचा हिशेब करून दिला तेव्हा मावशीने विचारलं, स्टोअरमध्ये उरलेल्या मालाचं काय करणार? साहेब म्हणाले, भंगारवाला सांगून ठेवलाय. मावशी म्हणाली, मग तो घेतो त्याच भावात मला द्या. संध्याकाळी दारात टेम्पो उभा राहिला. काका, म्हणजे मावशीचे यजमान, शहर बसवर चालक आहेत. ड्युटीवरून येऊन त्यांनी टेम्पोत वाकून पाहिलं आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "लोकांच्या बायका नोकरी सुटताना सोनं घेऊन येतात. आमच्या हिने रबर आणलं."

पण भिंतीला छत्तीस खणही त्यांनीच ठोकून दिले. दोन रविवार गेले त्यात.

मी तेव्हा कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. मला कॉलेजसाठी एक प्रकल्प हवा होता आणि मावशीला गिऱ्हाईक. पंधरा दिवसांत मी एक साधी साइट उभी केली. वस्तूंचे फोटो, किंमत, पत्ता आणि मावशीच्या फोनचा नंबर. मला वाटलं होतं, नंबर अडीअडचणीला राहील. मावशीने तोच मुख्य दरवाजा केला.

तिची पद्धत अशी. कोणी रिंग मागितली की ती लगेच द्यायची नाहीच. आधी तीन गोष्टी विचारायची. झाकण उलटं ठेवा, त्याच्या मधोमध पट्टी आडवी ठेवा आणि फोटो पाठवा. कुकर किती वर्षांचा आहे ते सांगा. आणि तिसरा प्रश्न, वाफ कुठून जाते? सगळीकडून जात असेल तर रिंग. शिट्टीच्या बुडाशी जात असेल तर शिट्टी साफ करा, नवी नको. दांड्याच्या बाजूनेच जात असेल तर स्क्रू ढिला आहे, घरात स्क्रूड्रायव्हर असेल तर आवळा आणि उद्या मला कळवा. निम्मी गिऱ्हाइकं ती अशी घालवायची. मी डोक्याला हात लावायचे. लोक पैसे घेऊन दारात उभे आहेत आणि ही त्यांना स्क्रू आवळायला लावून परत पाठवते आहे. मी एकदा बोलून दाखवलं तर म्हणाली, "अगं, त्यांची रिंग धडधाकट आहे. दुसरी घेऊन काय डोक्यात घालतील?"

पार्सलचंही तिचं एक शास्त्र होतं. रिंग दुमडून पाठवायची नाही, घडी पडते आणि तिथूनच वाफ सुटते. त्यामुळे सपाट, चौकोनी खोकी लागायची. ती काकांनी शोधली. त्यांच्या बसच्या शेवटच्या थांब्याजवळ एक बेकरी होती. तिथे छपाईत डाग पडलेली केकची खोकी स्वस्तात मिळायची. त्यांच्यावर फुगे आणि 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' असं छापलेलं असायचं. एका गिऱ्हाइकाकडे खरोखरच त्या दिवशी मुलीचा वाढदिवस होता. पार्सल आलं, घरातली सगळी टेबलाभोवती जमली, सुरी आणली आणि आतून काळी रिंग निघाली. बाईंनी फोन करून हे सांगितलं तेव्हा मावशी इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. नंतर तिने खोक्यांवर साधा कागद चिकटवायला सुरुवात केली. काकांना ते फारसं पटलं नाही.

तर अशा रीतीने सव्वा वर्ष गेलं. सुरुवातीला आठवड्याला दोन ऑर्डरी यायच्या, मग दिवसाला दोन, मग दिवसाला आठ-दहा. सकाळी काका पहिल्या पाळीला गेले की मावशी टेबलाशी बसायची. दुपारी ते आले की दोघं एकत्र जेवायची. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली आणि रोज दुपारी एकत्र जेवण हे पहिल्यांदाच चाललंय, असं काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

आणि मग एका सोमवारी साहेबांचा फोन आला.

जुन्या सर्व्हिस सेंटरचेच साहेब. त्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला नवं सेंटर काढलं होतं, सगळ्या कंपन्यांच्या वस्तू दुरुस्त करणारं. स्टोअरमध्ये दोन माणसं ठेवून पाहिली, दोघांनी मिळून सगळा माल कालवून ठेवला. मावशीने यावं, पगार आधीपेक्षा जास्त, महिन्याच्या पहिल्या तारखेला हातात. या महिनाअखेरपर्यंत जागा तिच्यासाठी राखून ठेवतो, पण त्यापुढे नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

एरवी मावशीने तिथल्या तिथे नाही म्हटलं असतं. पण चार महिन्यांनी काका निवृत्त होणार होते. त्यानंतर घर चालणार होतं ते मुख्यतः मावशीच्या कमाईवर. ही काळजी ती बोलून दाखवत नव्हती, पण आम्हाला सगळ्यांना ती माहीत होती. माझी आई, म्हणजे मावशीची धाकटी बहीण, तर फोनवरच म्हणाली की यात विचार काय करायचा, बॅग भर आणि जा. दोन बस बदलून जायला लागतं, दिवसभर उभं राहावं लागतं, हे सगळं आईला कबूल होतं. पण पगार तो पगार. घरच्या धंद्याचं आज आहे, उद्या नाही.

काकांनी पेपर उघडला आणि बराच वेळ एकच पान वाचत बसले.

मावशीने दोन दिवस विचार केला आणि मग जेवताना आपला निर्णय सांगितला. गेले दोन महिने दुकानाची कमाई तिच्या जुन्या पगाराइतकी झाली होती. हा महिनाही तितकाच झाला तर साहेबांना नाही सांगायचं. कमी पडला तर निमूटपणे नोकरीवर जायचं.

"तीन महिने सारखे आले," ती म्हणाली, "तर त्याला मी पगार म्हणेन."

मी हे फारच मनावर घेतलं. मावशीने घरीच राहावं असं मला तिच्याहून जास्त वाटत होतं. नोकरीच्या वर्षांत ती संध्याकाळी घरी आली की आधी पाय बादलीत बुडवून बसायची, ते मी लहानपणापासून पाहिलं होतं. आता माझी परीक्षा संपली होती, हातात वेळ होता, आणि डोक्यात नुकतंच शिकलेलं बरंच काही वळवळत होतं. मी साइटची आकडेवारी काढली. साइटवर येणाऱ्या दहा माणसांपैकी सात माणसं 'फोन करा, फोटो पाठवा' हे वाचूनच निघून जात होती. मी मावशीला तो तक्ता दाखवला. म्हटलं, तू रोज तेच तीन प्रश्न चाळीसदा टाइप करतेस. ते मशीनलाच विचारू दे. लोक माप टाकतील, साइट बरोबर रिंग दाखवेल, पैसे भरले की झालं.

मावशी तक्त्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वाफ कुठून जाते ते मशीन विचारेल?"

मी म्हटलं, ते कशाला विचारायचं? ज्याला रिंग हवी आहे तो रिंग मागतोय.

"बघ बाई. तू शिकलेली आहेस. कर."

हे 'तू शिकलेली आहेस' तिने टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. मनापासून म्हटलं होतं. म्हणूनच ते मला पुढे जास्त लागलं.

दोन दिवसांत मी नवी साइट चालू केली. छान दिसत होती. वरच एक चौकट होती, 'तुमच्या जुन्या रिंगेचं माप टाका', आणि बाजूला एक चित्र, रिंग कशी मोजायची त्याचं. चित्र मी स्वतः काढलं होतं आणि त्याचा मला विशेष अभिमान होता. माप टाकलं की खाली नेमकी वस्तू आणि एक बटण.

ऑर्डरी खरंच वाढल्या. पहिल्या दिवशी चौदा, मग एकोणीस, मग चोवीस. फोन वाजायचा बंद झाला. मावशी नुसत्या याद्या वाचून खणांतून रिंगा काढत होती आणि काका खोकी भरत होते. काका म्हणाले, या वेगाने चाललं तर मला निवृत्तीनंतर इथेच ड्युटी लावावी लागेल, पण ओव्हरटाइम मिळेल का ते आधी ठरवा. मी मनातल्या मनात साहेबांना नाही सांगूनही टाकलं होतं. एकच जरा विचित्र होतं, मावशी गप्प होती. काम करताना गप्प असणं तिच्या स्वभावातच आहे, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. पुढे तिनेच सांगितलं की तिला पुन्हा खिडकीमागे बसल्यासारखं वाटत होतं.

नवव्या दिवशी पार्सलवाला आला आणि त्याने पिशवी रिकामी आणली नव्हती. दारातच म्हणाला, "मावशी, आज न्यायला थोडं आहे, द्यायलाच जास्त आहे."

तीन खोकी परत आली होती. दुसऱ्या दिवशी पाच आली. त्याच्या पुढच्या दिवशी अकरा. सगळ्यांची तक्रार एकच होती, रिंग झाकणात बसत नाही. कोणाला मोठी झाली, कोणाला छोटी. एकाने साइटवर लिहिलं की माप तंतोतंत टाकूनही चुकीचा माल पाठवतात, जपून खरेदी करा. मी प्रोग्रॅम तीन वेळा तपासला. त्यात चूक नव्हती. ज्याने जे माप टाकलं होतं त्याला त्याच मापाची रिंग गेली होती. मी हे मावशीला पुन्हा पुन्हा सांगत होते, जणू काही तसं सिद्ध झालं की खोकी आपोआप परत निघून जातील.

मावशी परत आलेली खोकी एकेक करून उघडत होती. एका बाईंनी चुकून नव्या रिंगेबरोबर आपली जुनी रिंगही पाठवून दिली होती. मावशीने ती हातात घेतली, कडेवरून अंगठा फिरवला, आणि मग खणातून एक नवी रिंग काढून दोन्ही टेबलावर एकमेकींवर ठेवल्या. जुनी चांगली बोटभर मोठी होती.

"या दोन्ही एकाच कुकरच्या आहेत," ती म्हणाली. "ही जुनीसुद्धा नवी असताना एवढीच होती. वर्ष-दोन वर्षं वाफ आणि तेल प्यायली आणि वाढली. काही रिंगा वाढतात, काही आखडतात. बाईंनी माप अगदी बरोबर घेतलंय. तू जे विचारलंस तेच त्यांनी सांगितलं."

माझा चेहरा पडला. मला तेव्हा कळलं की मी शेकडो लोकांना पट्टी घेऊन चुकीची वस्तू मोजायला बसवलं होतं, आणि वर चित्र काढून दिलं होतं.

"झाकण मोजायचं असतं," मावशी म्हणाली. "झाकण वाढत नाही."

तिने सव्वा वर्ष प्रत्येकाला झाकणाचा फोटो मागितला होता. कधी मी विचारलं नाही, रिंगेचा का नाही. तिला विचारलं असतं तर तिने अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं. तिलाही वाटलं नाही की हे सांगायला हवं. स्टोअरमधल्या कोणालाच कधी सांगावं लागलं नव्हतं, तिथे सगळ्यांना ते माहीतच होतं.

मी म्हटलं, साइट बंद करते. रडकुंडीलाच आले होते.

"बंद कशाला? प्रश्न बदल. आणि मला सगळ्यांचे नंबर काढून दे."

महिना संपायला बारा दिवस उरले होते. मी जुनी पद्धत परत आणली, पण नीट मांडून. आधी झाकणाचा फोटो, मग वाफ कुठून जाते याची चार चित्रं, त्यातलं एक निवडायचं, आणि मावशीने पाहून होकार दिल्याशिवाय पैसे भरायचं बटणच दिसायचं नाही. आणि मावशीने फोन लावायला घेतले. ज्यांनी परत पाठवलं होतं त्यांनाच नाही, ज्यांनी अजून काही कळवलं नव्हतं त्यांनाही. एकूण दोनशेहून जास्त जण.

पहिले दहा-बारा फोन तिने खिडकीतून बोलल्यासारखे केले. नमस्कार, मी रिंगवाली, तुमचं माप आमच्या चुकीने चुकलं, झाकणाचा फोटो पाठवा, बरोबर रिंग पाठवते, पैसे नकोत. ठेवते. मग हळूहळू तिचा आवाज मोकळा झाला. एक गृहस्थ स्वतः इंजिनीअर होते. त्यांनी रिंग साध्या पट्टीने नाही, तर कारखान्यातल्या सूक्ष्म मापाच्या उपकरणाने मोजली होती आणि ते फारच तापले होते. मावशीने त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "दादा, माप तुमचं एकदम बरोबर आहे. वस्तू चुकीची मोजली. ती आम्हीच मोजायला सांगितली." मग ते हसले. इंजिनीअर मंडळींचं असंच होतं, असं मावशी फोन ठेवल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली.

एक आजोबा एकटे राहायचे. त्यांना रिंग नकोच होती, वाफ दांड्याकडून जात होती. मावशीने त्यांना फोनवर असतानाच स्क्रूड्रायव्हर आणायला लावला. ते शोधत होते तोवर ती थांबली. आवळला म्हणाले. वीस मिनिटांनी त्यांचा परत फोन आला, आणि ते काहीच बोलेनात. मावशी हॅलो हॅलो करत राहिली. मग फोनमधून शिट्टी ऐकू आली, खणखणीत. आजोबा म्हणाले, ऐकलंत ना? बस्स, एवढंच ऐकवायचं होतं.

फोनवर लोक हमखास एक गोष्ट विचारायचे, ही आता किती टिकेल. रोजचा वापर असेल तर वर्षभर, मावशी सांगायची. यावर एका शाळेतल्या बाई म्हणाल्या की वर्षाने माझ्या लक्षात कुठलं राहायला, तुम्हीच आठवण करा. मावशीने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "आपल्याकडे तारखा आहेत ना गं? कोणाला कधी पाठवली त्याच्या?"

तारखा होत्या. सगळ्या होत्या. कुकर कोणता, झाकण कोणतं, रिंग कोणती, कुठल्या दिवशी गेली. फोनवरची प्रत्येक ऑर्डर मी नोंदवत आले होते, ते सव्वा वर्षाचं सगळं साइटच्या पोटात पडून होतं आणि मी त्यातून फक्त तो भिकार तक्ता काढला होता.

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघींनी बसून एक निरोप लिहिला. वर्षापूर्वी ज्यांनी रिंग घेतली होती त्यांच्यासाठी. मजकूर मावशीचा होता. 'तुमच्या कुकरची रिंग मागच्या वर्षी याच महिन्यात बदलली. झाकण आता फारच सहज लागत असेल, तर रिंग सैल झाली आहे, बदला. थोडा जोर लावावा लागत असेल तर अजून चांगली आहे, थांबा, घाई नाही.' मी म्हटलं, शेवटचं वाक्य काढूया, असं लिहिल्यावर कोण घेणार? मावशीने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी वाक्य ठेवलं.

पन्नास-साठ जणांना निरोप गेला. निम्म्याहून जास्त जणांचं उत्तर आलं. त्यातल्या बऱ्याच जणांनी रिंग मागवली. फोटो विचारायची गरजच नव्हती, ते आपल्याकडेच होते. काही जणांनी लिहिलं, अजून जोर लावावा लागतो, पुढच्या महिन्यात सांगतो. मावशीने त्यांच्यापुढे पुढच्या महिन्याची खूण करून घेतली.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा मी सकाळीच तिच्याकडे गेले. आदल्या संध्याकाळी मी बेरीज केली होती, आणि ती मला सांगायची हिंमत होत नव्हती. फुकट पाठवलेल्या रिंगा, परतीचं भाडं, दुसऱ्यांदा पाठवण्याचा खर्च, हे सगळं वजा केल्यावर महिना कमी पडत होता. फार नाही, चार-पाच दिवसांच्या कमाईइतका. पण कमी तो कमी. आणि तो माझ्यामुळे कमी होता.

मावशीला बेरीज माहीत होती. तिने ती माझ्या आधीच केली होती. ती पार्सलांवर पत्ते चिकटवत होती. काकांनी त्या दिवशी पाळी बदलून घेतली होती आणि ते काही कारण नसताना खणांवरची धूळ पुसत होते.

साहेबांचा फोन बरोबर बारा वाजता आला. मावशीने हात पुसले आणि फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजावर लावला. काय बोललं जातंय ते काकांनाही ऐकू यावं म्हणून असेल. साहेब म्हणाले, उद्यापासून येताय ना बाई, मी खिडकीजवळ खुर्ची ठेवून घेतली आहे, आता उभं राहायला नको.

मला वाटलं, संपलं. खुर्चीसुद्धा दिली.

मावशी म्हणाली, "साहेब, खुर्ची दिलीत, बरं वाटलं. पण मी येत नाही."

साहेबांनी विचारलं, दुकान एवढं चाललंय का? मावशी म्हणाली, या महिन्यात थोडं कमीच चाललं. मग? साहेबांना कळेना. खरं सांगायचं तर मलाही कळेना.

"मग असं," मावशी म्हणाली, "की पुढच्या महिन्यात कोणाकोणाची रिंग संपणार, हे मला आजच माहीत आहे. त्याच्या पुढच्या महिन्यातलंही माहीत आहे. त्यातली निम्मी माणसं परत माझ्याकडेच येतील, हेही आता कळलं. पगार म्हणजे तरी दुसरं काय असतं?"

साहेबांनी मग विचारलं, तुमच्याऐवजी कोणी सुचवाल का? मावशीने जुन्या सेंटरमध्ये इस्त्र्या दुरुस्त करणाऱ्या बाईंचं नाव सांगितलं. त्यांचा हात चांगला आहे, त्यांना खण कालवायची सवय नाही, फक्त सकाळी नऊच्या आधी बोलावू नका, त्यांच्या सासूबाईंचं औषधपाणी असतं. साहेबांनी नंबर लिहून घेतला. मग जाता जाता, थोडं ओशाळून, त्यांनी जुन्या मॉडेलचे मिक्सरचे कपलर आहेत का विचारलं, बाजारात कुठेच मिळत नाहीत. मावशी म्हणाली, आहेत, पण वीसच देईन, बाकीचे माझ्या लोकांना लागतील.

फोन ठेवल्यावर ती काकांकडे वळली. आतापर्यंत ठाम होता तो चेहरा आता जरा बावरलेला होता.

"अहो, अट मीच घातली होती आणि मीच मोडली. तुम्हाला विचारलंही नाही."

काका फडकं झटकत म्हणाले, "मला काय विचारायचं? मी तर मंगळवारीच डेपोत सांगून टाकलं, की ही काही जात नाही."

"मंगळवारी? तेव्हा तर खोक्यांचा ढीग परत आला होता."

"हो ना. आणि तू त्या ढिगात बसून कुठल्या तरी आजोबांची शिट्टी ऐकत होतीस. म्हटलं, ही कसली जातेय."

मावशीने माझ्या आईला फोन लावला. आईने अर्धा तास ऐकवलं. मावशीने सगळं ऐकून घेतलं, मधेमधे हं म्हटलं, आणि शेवटी विचारलं की तुझा कुकर वाफ सोडतोय म्हणाली होतीस, कुठून सोडतोय? आईने रागाने फोन ठेवला. पाच मिनिटांनी झाकणाचा फोटो आला, पट्टीसकट.

पार्सलवाला चारला येणार होता आणि सोळा खोकी भरायची राहिली होती. काकांनी कागद कापायला घेतला, मी पत्ते छापायला बसले, आणि मावशीने पहिल्या यादीवर नजर टाकून, मागे न बघता, खणात हात घातला.